गाडी दोन सेंटीमीटर खाली

रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे गाव. शिरूर तालुक्यातल्या या गावाच्या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांचा भागीदारीतला मोटारींचा कारखाना आहे. 2015 च्या ऑक्टोबरात बाजारात आलेली अबार्थ पुंटो याच कारखान्यात तयार झाली. दिसायला ती घरगुती पुंटोच. पण तिच्यात 1.4 लिटरचे टर्बो इंजिन होते, ताकद 145 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, स्प्रिंगा कडक आणि उंची कमी. रस्त्यापासून तळापर्यंतचे अंतर, ज्याला सगळे ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात, ते तिच्यात 155 मिमी होते. साध्या पुंटोपेक्षा ते सुमारे तीन सेंटीमीटरने कमी. तेव्हा दहा लाखांच्या आत मिळणारी ही गाडी हौशी चालकांच्या आजही आठवणीत आहे.

अबार्थ हे नाव कार्लो अबार्थ या मूळच्या व्हिएन्नाच्या माणसाचे. त्याने 1949 मध्ये इटलीत आपली कंपनी काढली आणि छोट्या साध्या गाड्यांना वेगवान करण्याचा धंदा केला. त्याची रास वृश्चिक, म्हणून कंपनीचे चिन्ह विंचू. हे नाव फियाटने 2007 मध्ये नव्याने बाजारात आणले, तेव्हा युरोपातल्या अबार्थ ग्रांदे पुंटोला 17 इंची चाके आणि 215/45 मापाचे टायर दिले होते. तेवढ्याने समाधान न होणाऱ्यांसाठी ‘एसेएसे’ नावाचा संच लाकडी पेटीतून येई. त्यात 18 इंची चाके आणि गाडी आणखी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा असत. रांजणगावच्या गाडीला मात्र 16 इंची चाके आणि 195/55 मापाचे टायर मिळाले. नाव तेच, सांगाडा तोच, इंजिनाचे घराणेही तेच. पण भारतीय रस्त्यासाठी चाक लहान आणि रबर जास्त. हा फरक का करावा लागला, हे समजले की रुंद चाके आणि आखूड स्प्रिंगा यांचा सगळा हिशेब उलगडतो.

टायरवरचे आकडे आधी वाचता यायला हवेत. 195/55 आर 16 यातला 195 हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, 55 म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 55 टक्के, आणि 16 हा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे भिंत 107 मिमी. युरोपातल्या 215/45 आर 17 टायरची भिंत 97 मिमी भरते आणि पेटीतून येणाऱ्या 18 इंची चाकाच्या 215/40 टायरची 86 मिमी. बाहेरचा व्यास तिन्हींचा जवळपास सारखाच, 62 ते 63 सेंटीमीटर. चाक ‘मोठे’ केले असे आपण म्हणतो तेव्हा गोलाई वाढलेली नसते. आतला धातू वाढलेला असतो आणि त्याने जागा घेतलेली असते ती रबराची आणि हवेची.

गाडीत बसलेल्याला रस्ता तीन तऱ्हांनी जाणवतो आणि त्यांसाठी मराठीत तीन चांगले शब्द आहेत: खडखड, हेलकावा आणि आदळा. खडबडीत डांबर, खडीचा रस्ता, पुलाच्या सांध्यावरची पट्टी यांतून येते ती खडखड. लांब चढउतारांवर गाडी वरखाली डुलते तो हेलकावा. स्प्रिंगची हालचाल संपून गाडी रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर, जाऊन बसते तो आदळा. रुंद चाकांचा परिणाम मुख्यतः खडखडीवर होतो, आखूड स्प्रिंगांचा हेलकाव्यावर आणि आदळ्यावर. दोन्ही बदल एकाच दिवशी करून घेणाऱ्याला नंतर कशामुळे काय बिघडले हे सांगता येत नाही, त्याचे कारण हेच.

खडखड टायर गिळतो. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि गाडीच्या मुख्य स्प्रिंगपेक्षा साधारण आठ-दहा पट कडक. मग मऊ स्प्रिंग असताना खडखडीची जबाबदारी टायरकडे का? कारण बोटभर उंचीचा खडा चाकाखाली येऊन जातो तो सेकंदाच्या शंभराव्या भागात. तेवढ्या वेळात पस्तीसेक किलोचे चाक, ब्रेक आणि हब वर उचलून स्प्रिंग दाबायला सवड नसते. शॉकअपमधले तेल आणि बुशांतले घर्षणही आडवे येते. टायर मात्र जागच्या जागी दबतो, खड्याला पोटात घेतो आणि पुढे जातो. भिंत जितकी उंच तितके हे पोट मोठे. 107 मिमीची 86 झाली की पोटातली पाचवा हिस्सा जागा गेली. उरलेली भिंत आखूड असल्याने ती वाकतेही कमी. पूर्वी टायरातच मुरणारा खडा आता स्टिअरिंगमध्ये आणि बसणाऱ्याच्या पाठीत पोचतो.

रुंदीबद्दल एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे: टायर रुंद केला की रस्त्याला चिकटणारी जागा वाढते. ती जागा मुख्यतः चाकावरचे वजन आणि टायरमधली हवा ठरवतात. एका चाकावर 300 किलो भार आणि हवा 33 पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे 2.3 किलो, असेल तर रस्त्याला टेकलेली जागा 130 चौरस सेंटीमीटरच्या आसपास राहते; मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी. रुंद टायरमध्ये तीच जागा आडवी पसरते आणि लांबीला आखूड होते. वळणावर याचा खरा फायदा होतो, कारण आडवा, आखूड ठसा स्टिअरिंग वळवताच लगेच जोर धरतो. वाट सरळ असेल तिथे मात्र तोच रुंद ठसा त्रास देतो.

‘चाकोरी’ हा शब्द मुळात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोलगट रेघेचा. शिरूर–न्हावरे–चौफुला या पट्ट्यात तो आजही शब्दशः खरा आहे. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांभोवतीचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी आणि ट्रकांनी दाबले जातात, उन्हाने मऊ झालेल्या डांबरात दोन समांतर खोलगट पट्टे पडतात. अरुंद टायर अशा चाकोरीच्या तळाशी बसतो किंवा कडेवरून चालतो. रुंद टायर एकाच वेळी तळावर आणि उतारावर टेकतो, उताराकडची बाजू जास्त दबते आणि गाडी आपोआप एका अंगाला ओढली जाते. चालकाला स्टिअरिंग घट्ट धरून सतत छोट्या दुरुस्त्या कराव्या लागतात. चौफुल्यापर्यंतच्या तासाभराच्या प्रवासात हा त्रास खड्ड्यांपेक्षा जास्त थकवतो. पावसात आणखी भर पडते: साचलेले पाणी बाजूला सारायचे तर रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी हलवावे लागते, म्हणून तो कमी वेगालाच पाण्यावर तरंगू लागतो.

खड्ड्याची गोष्ट तर सरळच आहे. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली जाते. उंच भिंत दबून परत फुलते. बुटक्या भिंतीतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे फुगा आलेला असतो. फुगा आलेला टायर वेगात फुटू शकतो, त्यामुळे त्यावर पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायर बदलणे हाच मार्ग. शिवाय रिम वाकते ती वेगळीच. अशा रस्त्यांवर डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात चार-सहा इंचांचा उतार असणे नेहमीचे. समोरून उसाची ट्रॉली आली की एका बाजूची दोन्ही चाके खाली उतरवावीच लागतात आणि परत वर चढताना ती कड टायरच्या भिंतीवर घासते.

चाक रुंद करताना ते बहुधा थोडे बाहेरही सरकते. त्याने गाडी भरदार दिसते, पण भाराची रेषा बेअरिंगच्या मध्यापासून दूर जाते आणि बेअरिंग लवकर आवाज करू लागते. एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंगला बसणारा झटकाही वाढतो, कारण चाक ज्या बिंदूभोवती वळते त्यापासून टायरचा मध्य लांब गेलेला असतो. पूर्ण वळवल्यावर किंवा मागे तिघे बसल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासणे, ही त्याचीच पुढची पायरी.

आता स्प्रिंगा. गाडीचा हेलकावा मोजण्याची एक सोपी रीत आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबते यावरून ती सेकंदाला किती वेळा डुलेल हे ठरते. 25 सेंटीमीटर दबली तर सेकंदाला एक हेलकावा, 11 सेंटीमीटर दबली तर दीड, सहा सेंटीमीटरच्या आसपास दबली तर दोन. घरगुती गाड्या एक ते दीडच्या दरम्यान डुलतात, स्पोर्ट्‌स गाड्या दीड ते दोन. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, म्हणून या गतीचे डुलणे शरीराला ओळखीचे असते. चार ते आठच्या दरम्यानचे हादरे मात्र बसलेल्या माणसाला सर्वात जास्त जाचतात, पोट आणि पाठीचा कणा त्याच गतीला साथ देतात. स्प्रिंग कडक करत जाणे म्हणजे या त्रासदायक पट्ट्याकडे सरकत जाणे.

आखूड स्प्रिंग कडकच असावी लागते. समजा, मूळ गाडीत चाकाला वर जायला 70 मिमी जागा होती. गाडी 20 मिमी खाली बसवली तर 50 उरली. तोच खड्डा, तोच वेग, तेवढीच ताकद आता 50 मिमीत जिरवायची आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून पूर्वीइतकाच धक्का पचवायला स्प्रिंग जवळजवळ दुप्पट कडक हवी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक आखूड स्प्रिंगा इतक्या कडक नसतात, कारण तशी गाडी कोणालाच चालवता येणार नाही. त्यामुळे उरलेला धक्का बंप स्टॉप झेलतो. हेलकावा कमी झाला म्हणून खूश असलेल्या मालकाला प्रत्येक मोठ्या खड्ड्यावर ऐकू येणारा ‘धप्प’ आवाज हा या उणिवेचा असतो.

शॉकअपला लोक स्प्रिंगचा भाऊ समजतात; त्याचे काम स्प्रिंगला आवरण्याचे आहे. स्प्रिंग 25 टक्के कडक केली आणि शॉकअप मूळचाच ठेवला तर त्याची पकड सुमारे अकरा टक्क्यांनी ढिली पडते. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तीस टक्क्यांनी. खड्ड्यानंतर गाडी एकदा डुलून थांबायची, ती आता दोन-तीनदा थरथरते. शिवाय गाडी खाली बसल्याने शॉकअपचा दांडा कायम आत सरकलेला राहतो आणि ज्या भागात काम करण्यासाठी तो बनवला आहे त्याच्या बाहेर काम करतो. सील गळू लागणे हा त्याचा शेवट.

याहून वाईट रीत म्हणजे मूळ स्प्रिंगच कापणे. सहा वेढ्यांतला एक वेढा कापला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, हे गणित बरोबर आहे. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि खड्ड्यात चाक लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग जागची सुटते. तापवून खाली बसवलेल्या स्प्रिंगच्या पोलादाचे पाणीच उतरते आणि ती बसतच जाते. चांगल्या कंपन्या आखूड स्प्रिंगमध्ये काही वेढे जवळजवळ गुंडाळतात. गाडी उभी असताना ते एकमेकांना टेकलेले असतात आणि चाक लोंबल्यावर उघडून स्प्रिंग जागेवर धरून ठेवतात. एवढ्या बारीक गोष्टीचाही कोणीतरी विचार केलेला असतो, तो करवतीने साधत नाही.

इतके सोसून मिळते काय, हेही प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते आणि ते किती सरकेल हे गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. बाराशे किलोची गाडी, गुरुत्वमध्य 54 सेंटीमीटरवर, दोन चाकांतले अंतर 146 सेंटीमीटर आणि जोराचे वळण धरले तर सुमारे 355 किलो बाहेर सरकतात. गाडी 20 मिमी खाली आणली की 342. फरक तेरा किलोंचा, म्हणजे चार टक्क्यांहून कमी. त्यासाठी दिली चाकाच्या हालचालीतली 20 मिमी, वरच्या उदाहरणात सुमारे 29 टक्के. शर्यतीच्या ट्रॅकवर उतरणाऱ्याला चार टक्के मोलाचे; तिथला रस्ता गुळगुळीत असतो आणि खर्ची पडलेली हालचाल त्याला लागतच नाही.

त्यातही पुंटोसारख्या गाडीत एक पेच आहे. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचा आधार असतो: वर स्प्रिंग-शॉकअपचा खांब, खाली लोअर आर्म. गाडी वळणावर ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. गाडी खाली आणली की लोअर आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते आणि हा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतो. दोन्हींमधले अंतर वाढते, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांब होते. नुसती खाली आणलेली गाडी त्यामुळे जास्त कलू शकते आणि ते कलणे थांबवण्यासाठी पुन्हा कडक स्प्रिंगच लागते. स्टिअरिंगचा दांडाही तिरपा होतो, त्यामुळे खड्ड्यावर चाक वर जाताना आपोआप थोडे वळते आणि सरळ रस्त्यावर गाडी नाक हलवू लागते. चाकांचा कोन बदलल्याने टायर आतल्या कडेने झिजतो. बाहेरून पाहणाऱ्याला टायर नवा दिसतो आणि आतून तारा निघालेल्या असतात. अलाइनमेंट नव्याने केल्यावर हे कमी होते, पुरते जात नाही. मागच्या बाजूला पुंटोत आडवी तुळई आहे, तिथे कोन बदलायची सोयच नसते.

आता रस्त्यावरचे गतिरोधक. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. पुंटोच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे अडीच मीटर अंतर आहे. गाडी बरोबर मधोमध असताना चारही चाके गतिरोधकाच्या उतारावरच असतात, जमिनीपासून साडेपाच सेंटीमीटरवर. म्हणजे गाडीच्या पोटाखाली फुगवटा येतो तो साडेचार सेंटीमीटरचाच. अबार्थचे 155 मिमी इथे सहज पुरतात, आखूड स्प्रिंगा बसवल्या तरी पुरतील.

गावागावांतला गतिरोधक असा नसतो. अपघात झाला, लोकांनी मागणी केली, एका रात्रीत डांबराचा ढीग टाकला, अशा रीतीने झालेला बांध मीटरभर रुंद आणि बारा-पंधरा सेंटीमीटर उंच असतो. तो ओलांडताना पुढची चाके त्याच्या पलीकडे आणि मागची अलीकडे असतात, म्हणजे चारही चाके सपाट रस्त्यावर येतात. संपूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली येते. 155 मिमी हा रिकाम्या गाडीचा आकडा धरला तर चौघे बसल्यावर गाडी तीन-साडेतीन सेंटीमीटर दबते; उरले बारा. मीटरभर रुंदीच्या, बारा सेंटीमीटरच्या बांधावर अबार्थ पुंटो घासू लागते ती इथे. अडीच सेंटीमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा घातल्या तर, कडक असल्याने त्या भाराखाली थोड्या कमी दबतात हे धरूनही, दहाच्या आसपास उरतात. पहिले घासते ते इंजिनचे ऑइल चेंबर किंवा त्याखालची पत्र्याची ढाल. ढाल नसेल आणि चेंबर फुटले तर तेल रस्त्यावर सांडून इंजिन जाम होऊ शकते. अशा बांधावरून तिरके जाणे ही स्थानिक युक्ती शास्त्राला धरून आहे: एका वेळी एकच चाक वर चढते, पोटाखालचा फुगवटा गाडीच्या उंच बाजूने जातो.

भीमा आणि घोड नदीच्या काठची काळी माती या सगळ्यात आपली भर घालते. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावर टाकलेला रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. लाटेची लांबी 15 मीटर धरली तर ताशी 80 किमी वेगाने गाडीला सेकंदाला दीड धक्का बसतो. साध्या गाडीच्या स्वतःच्या हेलकाव्याशी हा आकडा जुळतो, म्हणून ती त्या वेगाला डुलू लागते. कडक गाडी तोच हेलकावा नव्वदच्या पुढे पकडते. मुरमाड माळावर, पाबळ-केंदूरकडे, रस्त्याचा पाया पक्का असतो आणि तिथे लाटा कमी, खडखड जास्त. एकाच तालुक्यात दोन्ही अनुभव मिळतात.

हौस करायचीच असेल तर क्रम पाळलेला बरा. चाक आणि टायर कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत दिलेल्या मापापर्यंतच ठेवावेत. स्प्रिंग बदलायची तर तिला जुळणाऱ्या आखूड शॉकअपसह, दोन्ही मिळून बनवलेल्या संचातच घ्यावी. लगेच अलाइनमेंट करून घ्यावी आणि हजार किलोमीटरवर टायरची आतली कड हाताने चाचपून पाहावी. कायद्याची चौकटही माहीत असावी. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीत लिहिलेल्या गाडीच्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल करायला मनाई करते आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने वाचायचे असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मडगार्डच्या बाहेर डोकावणारे चाक आणि बांधावर घासणारे पोट तपासणीत आधी नजरेत भरतात.